लंडनला निघालेल्या कळ्या
संध्याकाळी मळ्याकडून मोगऱ्याचा वास आला की मला विमानातला तो प्रवास आठवतो. लंडनला ताईला सातवा महिना लागला होता आणि डोहाळजेवणाला तिला आईच्या मळ्यातल्या कळ्यांचेच दागिने हवे होते. आई नाशिकच्या बाजारात जन्मभर फुलं विकत आलेली. कुठल्या गावाला किती घट्ट कळी पाठवायची, ते तिला अचूक कळतं. माझं तिकीट तिनं दोनदा वाचून घेतलं. "दुपारी दोनला निघून साडेसातला पोचतं ना इमान? मोगरा नऊला उमलतो. काय चिंता नाय," म्हणाली आणि पहाटे खुडलेल्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून डबा माझ्या हातात दिला. ते साडेसात लंडनचे, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे बारा, प्रवास चांगला दहा तासांचा, हे मलाही सुचलं नाही. खिडकीबाहेर अजून ऊन होतं, पण नाशिकला नऊ वाजले होते आणि मोगऱ्याला तेवढंच घड्याळ ठाऊक. डबा उघडला तर सगळी फुलं उमललेली, आणि आसपासच्या माना माझ्याकडे वळलेल्या. शेजारच्या मावशींनी पर्समधून दोरा काढला, पुढच्या दोघी मदतीला आल्या आणि उतरेपर्यंत आमच्या भागातल्या प्रत्येक बाईच्या केसांत गजरा होता, हवाई सुंदरीच्याही. ताईच्या हातात रिकामा डबा ठेवला. तिनं तो हुंगला आणि डोळे मिटून हसत राहिली. आता मी निघाले की आई वेळ विचारतच नाही; "इमानात बाया किती असतील?" एवढंच विचारते आणि टोपली घेऊन मळ्यात जाते.