गळ्याखालचा रंग

माझ्या नोकरीच्या अर्जाला टाचलेला फोटो मालकांनी ओढून काढला. कोपरा फाटून अर्जालाच राहिला. उरलेला फोटो त्यांनी स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवला आणि झाकण दाबलं.

"ह्यो घ्या तुमचा मजूर," ते म्हणाले. सगळे हसले.

ऑफिस राजारामपुरीत होतं. संगणकावरच्या एका लढाईच्या खेळातली माणसं आम्ही पुण्याच्या कंपनीसाठी रंगवत होतो. सरदार, घोडेस्वार, शिपाई, मजूर. एकेक माणूस नखाएवढा. चालताना, वळताना, मरताना त्याची वेगवेगळी चित्रं. खेळात चार सैन्यं होती, म्हणून पागोटी आणि शेले लाल, निळे, हिरवे, पिवळे करायचे. कातडी सरदाराची वेगळी, मजुराची वेगळी, पण चारही सैन्यांत तीच. रंग बदलण्याचं हे काम माझं होतं. वडील शिरोलीला फौंड्रीत भट्टीवर होते. आमच्या गल्लीत खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिली. नोकरी टिकवायची होती.

सरदाराची कातडी आदल्या दिवशी ठरली होती. मालकांनी मुलाचा लग्नातला फोटो दिला, त्याच्या गालावरून रंग टिपला.

आता पडद्यावर माझा चेहरा आला. मालकांचा पुतण्या विक्रांत संगणकावर बसला होता. त्याने रंग टिपायचा ड्रॉपर माझ्या गालावर नेला.

"तितला नगो. उजेड पडलाय," मालक म्हणाले. "गळ्याखालचा घे."

ड्रॉपर गळ्याखाली गेला.

"तुमच्याकडं समद्यांचा असलाच की. व्हय गं?"

तुमच्याकडं म्हणजे कुणाकडं, ते खोलीत प्रत्येकाला कळलं. अर्जावर माझं आडनाव होतं.

मी "हो सर" म्हणाले. हे लिहायलाच हवं. मी हो म्हणाले.

मजुराच्या फाइलला विक्रांतने माझं नाव दिलं. दुपारी डबे उघडून विक्रांत आणि बाकीचे खेळ तपासायचे.

"चल गं, दगड उचल."

"बसली बघ. हाण तिला."

शत्रूचा घोडेस्वार आला की मजूर आडवा व्हायचा.

"मेली."

"मरू दे की. दुसरी काढ. तुटवडा हाय व्हय त्यांचा?"

मी त्यांच्याकडे पाठ करून जेवायचे. जेवून पुन्हा तेच चित्र उघडायचे. गळ्याखालच्या रंगाला सावली कमी पडत होती, म्हणून मी एक गडद छटा वाढवली. कुणी सांगितलं नव्हतं. काम चांगलं व्हावं म्हणून वाढवली.

काम बघायला पुण्याचे साहेब आले. मालकांनी मला बोलावलं.

"हिकडं ये. हात धर स्क्रीनला." मग पाहुण्यांकडे वळून, "बघा साहेब. अस्सल हाय का न्हाय?"

मी हात धरला. पुण्याचे साहेब चष्मा सारून वाकले. माझं मनगट बघितलं, मजूर बघितला, पुन्हा मनगट.

"मॅच होतोय," ते म्हणाले.

तोच हात मी माउसवर ठेवला. खेळाला मोजकेच रंग चालत, त्यामुळे सगळ्या माणसांचे रंग एकाच तक्त्यात होते. तक्त्यातलं एक घर बदललं की तो रंग वापरणारी सगळी चित्रं एकदम बदलतात. सरदाराच्या कातडीच्या घरात मी माझा रंग भरला. उभे, चालते, घोड्यावरचे, सगळे सरदार एका क्षणात माझ्या रंगाचे झाले.

मालक ओरडले, "बाटवलंस की गं माझ्या पोराला!"

इतके दिवस "तुमच्याकडं" या शब्दात झाकलेलं होतं, ते आता पुण्याच्या पाहुण्यांसमोर उघडं पडलं. पाहुणे चष्मा पुसू लागले.

"माझा फोटो द्या," मी म्हणाले.

"भाईर हो आधी."

"फोटो द्या. मग जाते."

विक्रांतने तो टेबलावरून माझ्याकडे भिरकावला. खाली पडला. मी उचलला. दाराशी पोचेपर्यंत त्याने माझा बदल मागे घेतला होता. सरदार पुन्हा गोरे झाले होते.

खेळ बाजारात आला. शाहूपुरीतल्या एका दुकानात मी तो चालू बघितला. मजुराचा रंग तोच होता. सावलीची छटाही माझीच.

मी अजून चित्रंच रंगवते. माझ्या चित्रातल्या माणसाची कातडी मी ठरवते. आणि रंग जुळवायला कुणी माझा हात मागितला, तर आधी त्याला स्वतःचा धरायला लावते.