पुतळ्याच्या पायातलं विष

माझी मावशी पुतळे नटवते. कपड्यांच्या मोठ्या दुकानात काचेमागे जी सडपातळ, बिनडोक्याची, कधीही न घामेजणारी मंडळी उभी असतात, त्यांना कपडे घालणं हे तिचं काम. हात खांद्यातून उपटायचा, बाही चढवायची, हात परत पिळून बसवायचा, आणि पाठीमागे टाचण्या मारून सैल कपडा असा आवळायचा की काचेबाहेरच्या बाईला वाटावं, आपल्यालाही हा असाच बसेल. दुकानाचे मालक म्हणायचे, "बाई, तुमच्या हातात जादू आहे." पगारवाढीचा विषय निघाला की मात्र ही जादू त्यांना दिसेनाशी व्हायची.

मावशीला थायरॉइड आहे. म्हणजे तो गळ्यात सगळ्यांनाच असतो, पण बिघडल्याशिवाय कोणी "मला आहे" असं सांगत नाही. सकाळी उपाशीपोटी एक इवलीशी गोळी घ्यायची आणि तासभर चहाकडे नुसतं बघत बसायचं, एवढंच त्या दुखण्याचं कर्मकांड. वर्षानुवर्षं ते बिनबोभाट चाललं होतं.

मग तिला थकवा यायला लागला. सकाळी उठल्यावरच दिवस संपल्यासारखं वाटायचं. शिडीवर चढली की डोळ्यांपुढे अंधारी. जेवणावरची वासना उडाली, पण खारट खायची अशी हाव सुटली की खारे दाणे संपले तरी ती पुडीच्या तळाचं मीठ बोटाने चाटायची. वजन उतरलं. आणि रंग सावळा होत चालला. दिवसभर काचेमागे, दिव्यांखाली काम करणारी बाई उन्हात रापल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, बराच विचार करून निदान केलं, "तू छत्री वापरत जा."

काकांच्या थोरल्या बहिणीला ती वन्सं म्हणते, आणि आता सगळी बिल्डिंगच म्हणते. वन्सं मनाने प्रेमळ. कोणाचं डोकं दुखलं तर यांची झोप उडते, आणि मग त्या आपल्या मोबाइलमधून असे काही उपाय शोधून काढतात की डोकेदुखीवाल्याचीही झोप उडते. मावशीला बघून त्या म्हणाल्या, "वहिनी, हे थायरॉइडचं नाही. तुझ्या अंगात धातू साठलेत."

"कुठले धातू?"

"सगळेच. शिसं, पारा, ॲल्युमिनियम. तू टाचण्या तोंडात धरतेस ना?"

टाचण्या ती तोंडात धरायची, हे खरं. गुन्हेगार कबुलीसकट सापडल्यावर खटला कशाला लांबवायचा? वन्संनी तिला, आणि सोबतीला मला, थेट एका शुद्धीकरणवाल्या बाईंकडे नेलं.

या बाईंचा दवाखाना एका ब्यूटी पार्लरच्या वर होता. पांढरा कोट, पांढऱ्या भिंती, आणि भिंतीवर मानवी शरीराचं एक चित्र, ज्यात प्रत्येक अवयवाला दुःखी चेहरा काढलेला. बाईंनी मावशीचे केस कापून तपासणीला पाठवले. अहवालात इतके धातू निघाले की भंगारवाल्याने तिला वजनावर विकत घेतलं असतं.

"धातूंमुळे तुमच्या ॲड्रीनल ग्रंथी थकल्यात," शुद्धीकरणबाई म्हणाल्या. "आधी धातू काढू. ॲड्रीनल शांत झाल्या की थायरॉइड आपोआप ताळ्यावर येतो." हे वाक्य त्यांना पाठ होतं. आमच्या आधी आत गेलेल्या केस गळणाऱ्या मुलीलाही तेच ऐकवलं होतं, आणि तिच्याआधी गुडघेदुखीच्या आजोबांनाही.

उपाय असे. सकाळी कोथिंबिरीचा रस. त्याबरोबर कोळशाची पूड, विष शोषून घ्यायला. आणि मीठ संपूर्ण बंद, कारण मीठ धातूंना "धरून ठेवतं". शेवटी आठवड्यातून एकदा पाय एका यंत्राच्या टबात. कोमट पाणी, दोन तारा, आणि मूठभर मीठ. जेवणातून हद्दपार केलेलं मीठ पायांना मात्र चालत होतं. थोड्याच वेळात टबातलं पाणी गढूळ, मग तपकिरी, मग गटारासारखं. वन्संचे डोळे भरून आले. "बाई गं, केवढं साठवलं होतंस अंगात!"

कोळशाने शिसं किती शोषलं ते ठाऊक नाही, पण थायरॉइडची गोळी त्याने इमानेइतबारे शोषली. सकाळचा रस, पूड आणि गोळी एकाच घोटाबरोबर जात होती. रक्त तपासलं तर थायरॉइडचा आकडा बिघडलेला. शुद्धीकरणबाई खूश. "बिघडायलाच हवा. विष बाहेर पडताना त्रास होतो." म्हणजे बरं वाटलं तर उपायाचा गुण, वाईट वाटलं तर उपायाचा पुरावा. असा धंदा करायलाही अंगात कला लागते.

मावशी बिनमिठाचं जेवून दुकानात जात राहिली. मला एकदा म्हणाली, "अगं, काल पुतळ्याचा हात बसवताना मलाच त्याच्या खांद्याला धरून उभं राहावं लागलं. लोक बाहेरून बघत होते. त्यांना वाटलं असेल, नवीन फॅशन आहे." मी हसले. तिला डॉक्टरकडे ओढून न्यायला हवं होतं, ते सुचलं नाही. हसायला मात्र सुचलं.

एका दुपारी, थंडीचे कोट काचेत लावताना तिला उलट्या सुरू झाल्या आणि ती दोन पुतळ्यांच्या मध्ये कोसळली. बाहेर उभ्या गिऱ्हाइकाला वाटलं, तिसरा पुतळा पडला. मालक धावत आले, त्यांनी आधी कोट उचलला आणि मग मावशीला, असं तिथली सेल्सगर्ल सांगते. मालक क्रम उलटा सांगतात.

हॉस्पिटलात रक्तदाब मोजणाऱ्या नर्सने यंत्र दोनदा बदललं, इतका तो खाली गेला होता. डॉक्टरीणबाई तरुण, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मावशीचे तळहात उजेडात धरले. हातावरच्या रेषा काळ्या पडलेल्या. मग हिरड्या बघितल्या. त्यांवरही काळे डाग.

"खारट खावंसं वाटायचं?"

"फार. पण बंद केलंय."

"कोणी सांगितलं?"

मावशीने वन्संकडे बघितलं. वन्संनी खिडकीकडे बघितलं.

लगेच इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. "यात असतं काय?" वन्संनी बाटलीकडे बोट दाखवून विचारलं.

"मिठाचं पाणी," नर्स म्हणाली.

वन्सं खुर्चीवर बसल्या.

संध्याकाळपर्यंत मावशीचा चेहरा माणसाचा झाला. तपासण्या आल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, ॲड्रीनल. तुमच्या बंद पडल्यात. शरीराने आधी थायरॉइडवर हल्ला केला होता, तसाच आता यांच्यावर."

"म्हणजे बाहेरचं कोणी नाही? घरचाच माणूस?"

"घरचाच. त्या जे बनवतात ते आता गोळीने घ्यायचं, आयुष्यभर. एक दिवसही चुकवायचं नाही. आणि मीठ खा."

"आणि धातू?" वन्संनी विचारलंच.

"रक्तात शिसं तपासलं. काही नाही. यांना जे हवं होतं ते आत नव्हतं, आणि जे आत नव्हतं ते तुम्ही बाहेर काढत होता."

दुसरं कोणी असतं तर खजील झालं असतं. घरी परतताना वन्सं रिक्षात म्हणाल्या, "शेवटी निघालं काय? ॲड्रीनलच ना? आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." आंधळ्याने मारलेला दगड कैरीला लागला, की झाडाची मालकीही त्याचीच.

अंगात ताकद आली तशी मावशीच्या अंगात खोडीही आली. शुद्धीकरणबाईंकडे तिची एक शेवटची बैठक शिल्लक होती. वन्सं म्हणाल्या, "चल, निदान सुटका तरी नीट होऊ दे." मावशी इतक्या सहज तयार झाली की मला संशय यायला हवा होता. तिच्या पिशवीत दुकानातल्या मोडक्या पुतळ्याचा गुडघ्यापासून खालचा पाय होता.

टब सुरू झाला, गुडघ्यांवर टॉवेल टाकला. शुद्धीकरणबाई फोन घ्यायला बाहेर गेल्या, वन्सं पाणी प्यायला. मावशीने आपले पाय उचलून टॉवेलखाली घेतले, मला पाणी बदलायला लावलं, नवं मीठ टाकलं, आणि पुतळ्याचा पाय सोडला आत. पाणी पिवळं झालं, तपकिरी झालं, वर फेसही आला. इतकं सहकार्य करणारा रोगी त्या टबाने पाहिला नसेल.

शुद्धीकरणबाई परत आल्या, मागोमाग वन्संही. बाई टबावर वाकल्या. "बघा! हा यकृताचा रंग. आणि हा कडेचा नारिंगी, तो थायरॉइडचा. अजून बरंच आहे हो."

मावशीने टॉवेल काढला आणि पाय बाहेर घेतला. गुळगुळीत, बोटं नीट जुळलेला, घोट्यावर कंपनीचा शिक्का असलेला.

मला वाटलं, आता सगळं फुटणार. शुद्धीकरणबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "प्लास्टिक. प्लास्टिकमध्ये तर शिसं सगळ्यात जास्त."

वन्संनी हात जोडले. "वहिनी, बघितलंस? निर्जीवाचंसुद्धा निघतं! आणि तू दिवसभर यांनाच मिठी मारून असतेस!"

मावशीने पाय पुसला, पिशवीत घातला आणि निघाली. जिन्यात ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. मी घाबरले. "घाबरू नकोस," ती म्हणाली, "हे नुसतं हसू आहे."

आता ती गोळ्या वेळच्या वेळी घेते. पर्समध्ये एक कार्ड असतं: मी बेशुद्ध सापडले तर अमुक इंजेक्शन द्या. मालकांनी ते वाचलं, आणि तिच्यासाठी काचेमागे एक स्टूल ठेवलं. जादूपेक्षा स्टूल बरं.

परवा तिला ताप आला. ताप आला की गोळी दुप्पट घ्यायची, हे काका विसरले, मीही विसरले. वन्सं आल्या, कपाळाला हात लावला आणि ओरडल्या, "अगं, आज गोळी दुप्पट ना? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते कोणाच्या लक्षात आहे की नाही?" स्वतः गोळ्या मोजून हातावर ठेवल्या, पाणी दिलं. मग पदराआडून एक हिरवा ग्लास पुढे केला.

"वन्सं, हे नको हं."

"बरं, राहिलं," असं म्हणून त्यांनी तो रस स्वतःच उभ्या उभ्या पिऊन टाकला, तोंड वेडंवाकडं केलं आणि रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिल्या. ताप उतरल्यावर मावशी कामावर गेली. कोट उतरवून काचेत उन्हाळ्याचे कपडे लावायचे होते.