तळ्यावरची पाळत

साबणाच्या कारखान्याच्या फाटकावर, बाहेर पडणाऱ्यांचे खिसे चाचपण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याने निवृत्त झाल्यावर काय करावं? या गृहस्थाने घरामागे तळं खणलं. सगळी गल्ली त्याला झडतीकाका म्हणायची. तोंडावर नव्हे, पण त्याला ते ठाऊक होतं. असल्या गोष्टी त्याला बरोब्बर ठाऊक असत.

तळं अंगणाच्या मानाने बेताचंच. पण त्यात बेडूक होते, गोगलगायी होत्या, आणि वर काचेच्या पंखांचे चतुर भिरभिरत. विश्वास ठेवावा अशी जगात हीच काय ती मंडळी, असं काकाचं मत होतं, कारण त्यांना खिसेच नव्हते. माणसांशी त्याचं फारसं जमलं नाही. बायको चार दिवसांसाठी म्हणून मुलाकडे गेली ती तिथलीच झाली. मागे उरली थोरली बहीण, अक्का. शिवणकाम करून करून तिचे डोळे थकले, तेव्हा ती भावाकडे मागल्या खोलीत राहायला आली. घरात पुन्हा दोन कप चहा होऊ लागला. काकाला ते मनापासून आवडलं होतं, पण बोलून दाखवील तर तो झडतीकाका कसला!

त्याच वर्षी तळ्यावर तण आलं. डाळीच्या दाण्याएवढी हिरवी पानं, खाली केसासारखी मुळं. आज कोपऱ्यात मूठभर, तर आठवड्याभरात पाणी दिसेनासं. थोडं असतं तर बेडकांना सावली झाली असती, पण हे थोड्यावर थांबणारं नव्हतं. काका लांब दांड्याच्या जाळीने ते ओढून काढायचा, निथळूही न देता थेट पिंपात कोंबायचा आणि झाकण घट्ट दाबून बसवायचा. एक पान निसटता कामा नये! तरी सकाळी तळ्यावर पानं तरंगत असायचीच, तीही पिंपाच्या बाजूच्या काठाला.

"कुणीतरी आणून टाकतंय," तो चहा पिताना म्हणाला.

"अरे, तण आहे ते. वाढणारच," अक्का म्हणाली.

"तू का त्याची बाजू घेतेस?"

पहिला संशय शेजारच्या सुतारावर गेला. त्याने एकदा कुंपणावरून डोकावून "छान हिरवं झालंय" म्हटलं होतं, तेवढं पुरे होतं. काकाने कुंपणाच्या फटी फळ्या ठोकून बुजवल्या. फळ्या त्याच सुताराकडून आणल्या, आणि ठोकून द्यायलाही तोच आला. मग पाळी आली पाणी प्यायला येणाऱ्या पाखरांची. पाखरांची झडती घेता येत नाही, म्हणून ती सुटली.

पण तळ्यावरचे चतुर कमी होत चालले, तसा काका बेचैन झाला. कुणी धरून नेतंय की काय? त्यात घरातली चहाची गाळणी नाहीशी झाली. दोन दिवसांनी ती अक्काच्या खिडकीत वाळत पडलेली सापडली. अक्काच्या चपलांना चिखल, बाह्या ओल्या. काका एक अक्षर बोलला नाही. चोराला सावध करायचं नसतं.

सकाळी तो न्हाणीघराच्या खिडकीशी श्वास रोखून उभा राहिला. अक्का परसात आली. तिने मागे वळून घराकडे पाहिलं, पिंपाचं झाकण उघडलं, आतलं तण मुठीने बादलीत घातलं, ढवळलं, गाळणीने गाळलं आणि तळ्याशी वाकून गाळणी पाण्यात झटकली. हिरवी पानं पाण्यावर पसरली.

काका तसाच अनवाणी धावला. जाळी उचलून त्याने तळ्यातलं तण खसकन ओढलं आणि अक्काच्या पायाशी काठावर आपटलं.

"हे बघ तुझं काम! माझ्या घरात राहायचं आणि माझ्याच तळ्यात घाण टाकायची!"

"अरे, जीव असतात त्यात. पिंपात गुदमरतात बिचारे. ते वेचून सोडते मी..."

"सुतार परवडला! निदान तो कुंपणापलीकडचा तरी आहे."

अक्काने बादली खाली ठेवली. ती घरात गेली, आणि थोड्या वेळाने कपाटाचं दार वाजलं.

काका जिंकला होता. काठावर बादली पालथी घालून तो तिच्यावर बसला. समोर तणाचा ढीग निथळत होता. बघता बघता त्यातून काहीतरी हललं. मातकट रंगाचा, सहा पायांचा एक किडा बाहेर आला आणि फरफटत पाण्याकडे निघाला. मागून आणखी एक, मग एक गोगलगाय. असल्याच किड्यांची पोकळ सालं दर वर्षी काठावरच्या गवताला चिकटलेली असत, आणि शेजारी ओले पंख वाळवत नवा चतुर बसलेला असे. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी कितीदा पाहिलं होतं! त्याने पिंप उघडलं. वास नाकात घुसला. आत काय काय कुजलं होतं ते त्याला बघवेना. चतुर नेणारा चोर सापडला होता, आणि काकाला भडभडून आलं.

तो घरात गेला. दाराशी बॅग होती. अक्का चपला घालून खुर्चीत बसली होती, गाडीची वाट बघत.

"अक्का, तण काठावरच ठेवलं ना, तर ते जीव आपले आपण पाण्यात जातात. दिवसभर ठेवायचं, मग उचलायचं."

"मला नव्हतं माहीत," ती म्हणाली. "मी आपली एकेक वेचत बसले."

"मला सांगायचंस तरी."

"तू विचारलंस कधी? तू फक्त पाळत ठेवतोस. बायकोवर ठेवलीस, पोरावर ठेवलीस, आता मी."

काकाची नजर सवयीने बॅगेकडे गेली. किती फुगली आहे, काय काय भरलं असेल, गाडी खरंच बोलावली असेल की नुसता धाक, सगळे हिशेब डोक्यात सुरू झाले. त्याने नजर काढून घेतली.

"अक्का," तो म्हणाला, "जाणार आहेस का गं?"

अक्काने वाकून चपला काढल्या.

"विचारलंस म्हणून सांगते," ती म्हणाली. "नाही."