रुपराव सरांचे शंभर मीटर

हिंगण्याच्या रस्त्यावर तेव्हा जकात नाका होता, आणि नाक्यापलीकडच्या वस्तीला नागपूर म्हणायचं की नाही, याबद्दल शहरातल्या लोकांत मतभेद होते. तिथल्या हायस्कुलाला संस्थेनं पाच शब्दांचं भारदस्त नाव दिलं होतं. लोक मात्र ‘नाक्यावरची शाळा’ म्हणत. ही शाळा सुरू झाली संत्र्यांच्या एका गोदामात. पहिली तुकडी खोक्यांवर बसून शिकली, आणि त्या मुलांना पुढं जन्मभर संत्रं सोललं की अकबराचा दरबार आठवायचा.

शाळा एक वर्षाची असताना, त्रेपन्न साली, मौद्याकडच्या एका खेड्यातून रुपराव भोयर ड्रिल मास्तर म्हणून आले. येताना तोंडात शिट्टी होती. ती पुढं फक्त जेवणापुरती बाहेर निघायची. लेझीम त्यांच्याकडे, सव्वीस जानेवारीची परेड त्यांच्याकडे आणि स्नेहसंमेलनात पडदा ओढायचं कामही त्यांच्याकडेच. नाटकातला राजा संवाद विसरून उभा राहिला की रुपराव विंगेतून शिट्टी वाजवत आणि राजा सवयीनं सावधान होई. प्रेक्षकांना वाटायचं, नाटकात तसंच आहे.

पण रुपरावांचा खरा जीव व्हरांड्यातल्या काळ्या फळ्यात होता. त्यावर पांढऱ्या रंगानं शाळेचे धावण्याचे विक्रम लिहिलेले असत. कोणी विक्रम मोडला की रुपराव स्वतः ब्रश घेऊन बसत आणि नवं नाव असं हळूहळू लिहीत, जणू त्या मुलाचं बारसंच चाललंय.

चौसष्ट साली शिक्षण खात्याचं परिपत्रक आलं, की यापुढं सर्व मापं मेट्रिक पद्धतीत असावीत. मुख्याध्यापक कृष्णकांत सर परिपत्रकाला घाबरणारे गृहस्थ. त्यांनी संध्याकाळपर्यंत अंमलबजावणी करायला सांगितलं. रुपरावांनी ती दुपारीच केली. फळ्यावर जिथं जिथं ‘यार्ड’ होतं तिथं रंगानं ‘मीटर’ लिहिलं, ‘एक मैल’ होता तिथं ‘पंधराशे मीटर’ केलं, कारण आता स्पर्धांत तसंच म्हणतात असं त्यांनी ऐकलं होतं. मैदानावरच्या चुन्याच्या रेषा होत्या तिथंच राहिल्या. गांधीबागेतल्या कापडवाल्यांनी वाराचा मीटर करताना निदान भाव तरी वाढवला होता. रुपरावांनी जुन्याच भावात मीटर देऊन टाकला. कृष्णकांत सरांनी ‘अंमलबजावणी पूर्ण’ असा अहवाल पाठवला, आणि बारा वर्षं सगळं सुखात चाललं.

शहात्तर साली दहावीचा निकाल लागला चौतीस टक्के. कृष्णकांत सर स्वतः बीजगणित शिकवत, त्यामुळे निकाल त्यांना फारच झोंबला. त्यांनी रुपरावांना बोलावून घेतलं.

“भोयर सर, दिवाळीपासून नववी-दहावीचा खेळाचा तास बीजगणिताला.”

“काहून, सर?”

“मैदानावर धावून कोणी पास होत नाही म्हणून.”

“सर, आपल्या गोविंदाची शंभर मीटरची वेळ दहा पूर्णांक सहा आहे. ऑलिम्पिक तिथून अर्ध्या सेकंदावर आहे.”

“ऑलिम्पिकचं सोडा. नाक्याच्या अलीकडं तरी कधी पदक आणलंत का?”

“स्पर्धा दरसाली सहामाहीतच येते, आन् तुम्ही पोरायले सोडत नाही.”

कृष्णकांत सर हट्टी होते, पण हिशेबाला चोख होते. ते म्हणाले, “या वर्षी सोडतो. आंतरशालेय स्पर्धेत सोन्याचं एक पदक आणा, तास तुमचा. नाही आणलं, तर शिट्टी घरी ठेवून यायचं.”

रुपराव हसत बाहेर आले. पदक त्यांच्या मते खिशातच होतं. गोविंदाला चौकात उभं करून त्यांनी सांगितलं, “पोट्ट्या, तुया पायावर सगळ्या शाळेचा खेळ उभा आहे.” गोविंदानं खाली पायांकडे पाहिलं. एका पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

स्पर्धेला पाच दिवस उरले असताना विज्ञानाच्या नव्या अरुंधतीबाई नववीला वेग शिकवायला मैदानावर घेऊन आल्या. बाई सीताबर्डीहून सायकलनं येत आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय मानत नसत. तास संपला, मुलं गेली, तरी बाई टेप घेऊन रेषेवरून फिरतच होत्या. शेवटी त्या रुपरावांपाशी आल्या.

“सर, तुमचे शंभर मीटर एक्क्याण्णव मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर भरतात.”

“टेप कोठचा?”

“प्रयोगशाळेतला. तीनदा मोजलं.”

“उन्हानं वाढला असन.”

“साडेआठ मीटर वाढायला तो टेप आहे की चवळीचा वेल? हे मैदान कोणी आखलं?”

“म्याच आखलं. त्रेपन्न साली.”

“तेव्हा मीटर होते?”

रुपरावांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही. डोळ्यांसमोर तो रंगाचा डबा आला, ती दुपार आली, आणि फळ्यावरची शंभर मीटरची बावीस नावं एकामागून एक साडेआठ मीटर मागं सरकली.

“बाई, कोनाले सांगतलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“पोरांसमोरच मोजलं. त्यांना वाटलं, बाईंना मोजता येत नाही.”

त्या दिवशी रुपराव मैदानाच्या कडेच्या बाभळीखाली बराच वेळ बसले. खोट्या रेषेवर गोविंदाला त्यांनी ऑलिम्पिक दाखवलं होतं. आता तास जाणार, आणि त्या पोराला वाटणार की तो आपल्यामुळं गेला. अरुंधतीबाईंना हे बघवेना.

“आणि सर, उशिरा येणाऱ्यांना पळवता, ते किती?”

“पंधराशे मीटर. चार चकरा.”

“मीटर व्हायच्या आधी ते काय होतं?”

“मैल.”

बाईंनी काडीनं मातीत आकडे मांडले. “म्हणजे सोळाशे नऊ. ती दहावीतली गोपिका रोजच उशिरा येते ना? ती मुलगी रोज एकशे नऊ मीटर जास्त पळते आहे.”

“ते शिक्षाच आहे नं, बाई.”

“दोन वर्षांची शिक्षा आहे, सर. तिची वेळ घेतली कधी?”

शिक्षेची वेळ कोण घेतो? दुसऱ्या दिवशी मात्र घेतली. गोपिका नेहमीप्रमाणे अकरा मिनिटं उशिरा आली, कारण तिच्या घरी तीन म्हशी होत्या आणि त्यांतली एक शिंगं मारणारी होती. तिनं दप्तर ठेवलं आणि कोणी काही म्हणायच्या आत चकरा सुरू केल्या. बाईंनी टेपनं मोजून जिथं खरे पंधराशे होत होते तिथं खूण केली होती. गोपिका खुणेवरून गेली तेव्हा रुपरावांनी घड्याळाकडं पाहिलं, मग ते कानाला लावलं. चालू होतं.

“गोपिका, स्पर्धेत पळतं का वं?”

“म्या काय केलं, सर?”

“काही नाही केलं. बक्षीस आहे.”

“बक्षिसासाठी कोन पळते, सर? मानूस उशीर झाला म्हनून पळते.”

त्या वर्षी मुलींची पंधराशे मीटरची शर्यत पहिल्यांदाच ठेवली होती. गोपिकाचं नाव गेलं. गोविंदाला रुपरावांनी सगळं खरं सांगितलं. “तू नाही चुकला, बाबू. मैदान चुकलं,” म्हणाले, आणि चार दिवस त्याला नाक्याच्या रस्त्यावर मोजून शंभर मीटर पळवलं.

पण चार वर्षांची सवय चार दिवसांत कुठं जाते? स्पर्धेत गोविंदा सुटला तो गोफणीतल्या दगडासारखा. नव्वद मीटरपर्यंत त्याच्यापुढं कोणीच नव्हतं. एक्क्याण्णवाव्या मीटरला त्याच्या छातीनं ठरल्या जागी झेप घेतली, पाय ठरल्या जागी ढिले झाले, आणि पाच जण त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. पाचवा तर वळून बघत गेला, की याला झालं काय.

कडेला कृष्णकांत सर बसले होते. शर्यत पाहायला म्हणून आले होते, पण मांडीवर बीजगणिताचं पुस्तक होतं. त्यांनी पान उलटलं.

आता उरली गोपिका, आणि तिचीही एक अडचण होती. शाळेत ती शेवटचा जोर बाभळीपासून लावायची. स्पर्धेच्या मैदानावर बाभूळ नव्हती, आणि तिच्या हिशेबानं चार चकरा व्हायला हव्या होत्या. इथं पावणेचारच. शर्यत संपून जायची आणि हिचा जोर सुरूच व्हायचा नाही. रुपरावांनी तिला सांगितलं होतं, “म्या जिथं उभा दिसीन तेच बाभूळ समजजो.” शर्यत सुरू झाली तसे ते शेवटच्या वळणाआधी, रेषेपासून दोनशे मीटरवर, दोन्ही हात पसरून उभे राहिले.

एक स्वयंसेवक धावत आला. “सर, खाली बसा. मागच्यांना दिसत नाही.”

“म्या झाड आहे. झाड बसते का?”

स्वयंसेवकानं वरिष्ठांकडं पाहिलं. अशा प्रसंगाचा नियम पुस्तकात नव्हता.

दोन चकरांपर्यंत गोपिका चौथी होती. तिसरीला दुसरी झाली. पुढं कॉन्व्हेंटची एक उंच मुलगी होती, पायात काट्यांचे बूट. गोपिका अनवाणी. ती वळणाकडं आली, तिनं झाड पाहिलं, झाडाचे डोळे भरलेले पाहिले, आणि घागरीतलं पाणी एकदम ओतावं तसा जोर ओतला. उंच मुलीनं डावीकडं पाहिलं तोवर ही उजवीकडून गेली होती. रेषेवरची फीत गोपिकाच्या गळ्यात अडकली.

आणि ती थांबलीच नाही. फीत गळ्यात घेऊन तशीच पुढं निघाली. दोन पंच, एक डॉक्टर आणि घड्याळवाला तिच्यामागं धावले. त्यांतला एकही तिला गाठू शकला नाही. सवयीचे एकशे नऊ मीटर पुरे करूनच ती उभी राहिली.

रुपराव धापा टाकत पोचले. “थांबली काहून नाही वं?”

“चार चकरा कुठं झाल्या, सर? तुम्ही मोजून राहिले असान असं वाटलं.”

कृष्णकांत सरांनी पुस्तक मिटलं होतं. शाळेत परतल्यावर ते म्हणाले, “तास तुमचा.” एवढ्यावर रुपराव गप्प बसले असते तर सगळंच निभावलं असतं. पण पदक टेबलावर ठेवून त्यांनी आपली चूकही शेजारी ठेवली. यार्ड, रंगाचा डबा, बावीस खोटी नावं, सगळं सांगितलं. मग म्हणाले, “आता तास परत घ्यायचा असन तर घ्या, सर.”

मुख्याध्यापकांनी जुनी फाइल काढली. ‘अंमलबजावणी पूर्ण’ या शब्दांखालची सही त्यांचीच होती. सही सुरेख होती.

“मैदान दुरुस्त करा,” ते फाइल बंद करत म्हणाले.

“रेष कुंपणापलीकडं तुमच्या क्वार्टरच्या वाफ्यात जाते, सर. वांग्यायमधी.”

कृष्णकांत सरांनी स्वतः टेप धरून मोजलं, दोनदा. वांगी वाचवणारं उत्तर काही येईना. शेवटी त्यांनी कुंपणाची तार काढायला सांगितली, फक्त चार दिवस मागितले, कारण वांगी भरात होती. त्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांच्या डब्यात भरली वांगी होती.

रुपरावांनी फळा पुसला तेव्हा वस्तीत गडबड उडाली. पोस्टातला धोंडबा, एकोणसाठ सालचा विक्रमवीर, आता पोट सुटलेला, तावातावानं शाळेत आला. “माहं नाव काहून पुसलं गा, सर?”

“तुये साडेआठ मीटर राहिले आहेत. पळून दे, आन् नाव घेऊन जाय.”

त्या रविवारी बावीसपैकी चौदा जण आले. कोणी धोतर खोचून, कोणी पोरगं खांद्यावरून उतरवून, जुन्या रेषेवर ओळीनं उभे राहिले. एक जण तर सोबत बायको घेऊन आला होता, साक्षीदार म्हणून. वाफ्यात, नव्या रेषेवर, कृष्णकांत सर फितीचं एक टोक धरून उभे होते. दुसरं टोक अरुंधतीबाईंच्या हातात होतं. रुपरावांनी छाती भरून शिट्टी फुंकली, आणि चौदा गृहस्थ राहिलेलं अंतर पुरं करायला ढेकळांतून दणदणत निघाले.