कबूलवकिलांची ताई

कोर्टात त्यांना सगळे कबूलवकील म्हणत. तोंडावर वकीलसाहेब, पाठ वळली की कबूलवकील. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. कोर्टात ज्याला टोपणनाव नाही त्याला अशीलही नसतं, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांचा सगळा धंदा किरकोळ गुन्ह्यांचा. कुणी लायसन्स नसताना गाडी चालवलेली, कुणी शेजाऱ्याला ढकललेलं, कुणी दारू पिऊन चौकात गाणं म्हटलेलं. गाणं म्हणताना वाघ असलेला हा माणूस व्हरांड्यात शेळी होऊन उभा असायचा. वकीलसाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "कबूल म्हणा, दंड भरा आणि सुटा. लढायला गेलात तर चपला झिजतील." शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, वकीलसाहेब चढलेल्याला लवकर उतरवून देत. लोक आभार मानत. खरं काय घडलं ते सांगायला कुणी तोंड उघडलंच, तर वकीलसाहेब घड्याळाकडे बघत.

मग त्यांच्या थोरल्या बहिणीवरच खटला भरला गेला.

आई गेल्यावर ताईनेच त्यांना वाढवलं. लोकांची मुलं सांभाळून तिनं भावाला वकील केलं. त्याचंच पुढे पाळणाघर झालं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिळ्यांना अडकवलेल्या चिमुकल्या पिशव्या, ओळीनं पालथे घातलेले पेले, दुपारच्या झोपेसाठी सतरंज्या. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हिशेबनीस राहायचा. त्याला पोरांचा आवाज म्हणजे कानात मुंग्या. 'जिन्यात बोलाचाली झाली आणि या बाईनं मला छत्रीनं कानावर मारलं,' अशी त्यानं तक्रार ठोकली.

ताई समन्स घेऊन भावाकडे आली. "नुसता दंड झाला तरी पाळणाघराचा परवाना जाईल," ती म्हणाली. "मारकुट्या बाईकडे पोरं ठेवायचीच कशाला, असं परवाना देणारेही म्हणणार. आणि बरोबरच आहे त्यांचं."

"मग लढू," वकीलसाहेब म्हणाले. एखाद्याला कधीतरी चहाला या म्हणावं, तसं म्हणाले.

पहिल्या सुनावणीच्या दिवशी त्यांची सकाळपासून लागोपाठ चार प्रकरणं निघाली. चारही वेळा उठून त्यांनी एका दमात सांगितलं, "गुन्हा कबूल, पहिलाच आहे, घरची परिस्थिती बेताची, दया व्हावी." चारही माणसं दंड भरायला गेली. पाचवा पुकारा ताईचा झाला. पर्स पोटाशी धरून ती पिंजऱ्यात उभी राहिली. मॅजिस्ट्रेटबाईंनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

वकीलसाहेब उठले. "कबूल, मॅडम. पहिलाच आहे, घरची परिस्थिती..."

"खाली बस," ताई म्हणाली.

वकीलसाहेब खाली बसले. वकिलाला खाली बसवण्याचा अधिकार आरोपीला कुठल्याच कायद्यात नाही. पण या आवाजानं बसायची त्यांना लहानपणापासून सवय होती. कारकुनाचं पेन थांबलं. मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं.

"मी आरोपीलाच विचारते आहे," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

"कबूल नाही. मी त्यांना मारलेलं नाही."

"तसं लिहून घ्या," बाईंनी कारकुनाला सांगितलं. मग त्यांनी वकीलसाहेबांकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा ताईकडे वळल्या. "तुम्हाला वकील बदलायचा असेल तर वेळ देता येईल."

ताईनंही भावाकडे पाहिलं. शरमेनं त्यांची मान वर होत नव्हती.

"आधी याच्याशी बोलते," ताई म्हणाली.

पुढची तारीख घेऊन दोघं व्हरांड्यात आली.

"सवयीनं निघून गेलं गं तोंडातून," वकीलसाहेब म्हणाले.

"माहितीये."

"तुझं पाळणाघर माझ्यामुळे बंद पडलं असतं."

"तेही माहितीये."

वकीलसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, तू मारलं होतंस का त्याला?"

ताईचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "समन्स आल्यापासून सगळ्यांनी विचारलं मला. दूधवाल्यानं विचारलं, पोरांच्या आयांनी विचारलं. फक्त तूच विचारलं नाहीस. मला वाटलं, माझ्यावर भरवसा आहे म्हणून विचारत नाहीस. केवढं बरं वाटायचं मला. आज कळलं, तू कुणालाच विचारत नाहीस."

"आता विचारलंस तर ऐक," ताई म्हणाली. "छत्री माझ्या हातात होती. रागानं उगारलीही होती. समोरच्या घरातल्या दोघींनी ते पाहिलंय. पण मारली नाही. तिथेच आवरलं मी स्वतःला. एवढं कोर्टाला पटवून देशील, की दुसरा बघू?"

वकीलसाहेब बाकावर बसले.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले.