पहिल्याच पायाला धरणारा ब्रेक

मंचरच्या कांदा बाजारात माझी गाडी एका ट्रॉलीला जाऊन टेकली, आणि संध्याकाळच्या आत घोडेगावात आमच्या आळीला कळलं की बाईला ब्रेक मारता येत नाही. टेकली म्हणजे नुसती टेकलीच. नंबरप्लेट वाकली, ट्रॉलीवाल्याने दोन शिव्या गिळल्या आणि तिसरी दिली, एवढंच झालं. पण आळीत ती बातमी पोहोचेपर्यंत कांद्याच्या गोण्या रस्त्यावर सांडल्या होत्या, आणि मी म्हणे रडत होते. मी रडत नव्हते. मी चिडले होते.

कारण ब्रेक मी वेळेवर मारला होता. पेडल फळीपर्यंत खाली गेलं, ओल्या चिखलात पाय जावा तसं, आणि गाडी आपली चालतच राहिली.

आता यात मेख अशी की आमच्या घरात ब्रेक दोनदा मारायची पद्धत आहे. घरचा जुना ट्रॅक्टर तसाच. पहिल्यांदा दाबलं की पेडल खोल जातं, सोडून पुन्हा दाबलं की धरतं. धाकट्या दिरांनी मला गाडी शिकवली तीही तशीच. "वयनी, पयला पाय देवाचा, दुसरा आपला," असं ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आणि मीही वर्षानुवर्षं देवाचा पाय आधी मारत आले. रिकाम्या रस्त्यावर ते खपून जायचं. मंचरच्या गर्दीत पुढची ट्रॉली अचानक थांबली तेव्हा दुसऱ्या पायाला वेळच मिळाला नाही.

हे मी घरी सांगितलं. दीर म्हणाले, "जुनी गाडी हाय, तिचा ब्रेक असाच राह्यचा. तुमचा पायच हलका पडतोय." आमच्या ह्यांनी मान डोलावली. आणि माझ्यासमोरच दोघांनी ठरवून टाकलं की गाडी दिवाळीच्या आत विकायची. गिऱ्हाईक दीर बघणार होते.

गाडी माझी आहे. हे सांगावं लागतं, कारण घरात ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. ब्लाउज शिवून शिवून मी ती घेतली, जुनीच घेतली, पण माझ्या पैशाने घेतली. आणि पाय हलका? अर्धं आयुष्य मी पायमशीन चालवलंय. पट्टा जरा सैल झाला तर चाक फिरायच्या आधी माझ्या तळव्याला कळतं. ज्या माणसांना बूट काढल्याशिवाय पायात काटा आहे की खडा हे समजत नाही, त्यांनी माझ्या पायाला नावं ठेवावीत!

पण नुसता राग असता तर मी दोन दिवस भांडी आपटून गप्प बसले असते. गोष्ट आईची होती. माझी आई मढला एकटी राहते. चार खाचरं आहेत भाताची, ती सोडून ती हलत नाही. घोडेगावला चल म्हटलं की म्हणते, "तुज्या घरी यिऊन मी काय करू, काजं-बटणं?" एसटीने जायचं तर आधी जुन्नर गाठायचं, तिथून मढची गाडी धरायची, आणि ती चुकली की अर्ध्या वाटेवरून माघारी. गाडी येण्याआधी मी वर्षातून दोनदा जायचे, दिवाळीला आणि जत्रेला. गाडी आल्यापासून दर रविवारी जाते. आईला आता नीट दिसत नाही. माझ्या हाताचा वास घेऊन ती मी आल्याचं ओळखते. गाडी गेली असती तर हे रविवार गेले असते, आणि असे किती उरलेत ते कुणी सांगावं?

मग मी शिवता शिवता मोबाइलवर गाडी दुरुस्तीचे हिंदी व्हिडिओ बघायला लागले. मशीनवर गिऱ्हाइकाची बाही आणि कानात ब्रेकची नळी. त्यात एकदा ऐकलं की ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून बाटलीचं बूच एकदा उघडलं की ते ऑइल ठेवायचं नसतं. मी मशीन थांबवलं आणि तडक गोठ्यात गेले. फळीवर आमची ब्रेक ऑइलची बाटली होती, अर्धी, बूच हरवलेलं, तोंडाला चिंधी. ट्रॅक्टरलाही तीच, माझ्या गाडीलाही तीच. कमी झालं की ह्यातलं ओतायचं. "चांगलं हाय की, वाया कशाला घालवायचं?" हे आमच्या घराचं ब्रीदवाक्य. शिळी भाकरी कुस्करून खाणारं घर हे, ऑइल कसं टाकणार? किती पावसाळ्यांची ओल त्या चिंधीतून आत मुरली होती देव जाणे. गाडीचं बॉनेट उघडून पाहिलं तर डबीतलं ऑइल उकळून काळ्या झालेल्या चहासारखं.

दुसऱ्या दिवशी गाडी हळूहळू स्टँडजवळच्या गॅरेजला नेली. मेकॅनिक म्हणाला, "मावशी, पॅड बदलून देतो, बास व्हईल." मी म्हटलं, पॅड बदल, पण मागचे ड्रम उघड, चाकांजवळचे रबरी पाइप नवे टाक, आणि जुनं ऑइल सगळं काढून सीलबंद बाटलीतलं भर. तो हसला. "गाडीपेक्षा ब्रेक नवा व्हईल तुमचा." होऊ दे म्हटलं.

मागच्या ड्रममध्ये ब्रेकचे शू जवळ सरकवणारा स्क्रू गंजून गच्च झाला होता. शू झिजत गेले, मधली फट वाढत गेली, म्हणून पेडल इतकं खोल जायचं. पाइप दाबून पाहिले तर फुगलेले. त्याने सगळं साफ केलं, बदललं, आणि मग नळीतली हवा काढायला मला पेडलवर बसवलं. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. तो खालून ओरडायचा, "दाबा! धरा! सोडू नका!" तो बारीक नट ढिला करायचा, पेडल माझ्या पायाखाली हळूच बसायचं, बुडबुडे बाटलीत यायचे. नट आवळला की, "सोडा!"

चारही चाकं झाल्यावर तो हात पुसायला लागला. मी पेडल दाबलं. वर आलं होतं, पण तळाशी अजून जरा लवत होतं. "अजून पोकळ लागतंय," मी म्हटलं. तो म्हणाला, "झालंय मावशी, तुमाला भास व्हतोय." भास! मी सीटवरून हलले नाही. शेवटी वैतागून तो पुन्हा मागच्या डाव्या चाकापाशी वाकला, आणि नळीतून हवेचा एक मोठा फुगा बाहेर आला. "आयला," एवढंच म्हणाला. त्यानंतर पेडल दाबलं तर वरच्या वरच घट्ट. पहिल्याच पायाला. मला इतका आनंद झाला की मी उगाच चार-पाचदा दाबून पाहिलं.

रविवारी सकाळी मी आईचा डबा भरत होते तेवढ्यात दीर मंचरचं गिऱ्हाईक घेऊन दारात. त्याने गाडी रस्त्याला नेऊन आणली. उतरला तो खूश होऊन. "ब्रेक लई भारी हाय, राव! जाग्यावं उभी राहती."

दीर छाती काढून म्हणाले, "म्हणलं व्हतं ना, गाडीत खोट नाय. आता भाव बी वाढवून मिळंल."

माझं डोकंच फिरलं. आठवडाभर माझा पाय खोटा होता, आणि आता ब्रेक भारी निघाला तर त्याचाही भाव हेच लावणार. मी डबा घेऊन अंगणात आले.

"पावणं, चहा घेऊन जा," मी म्हटलं. "गाडी इकायची न्हाई."

"अगं, आमी शब्द दिलाय त्यांना," आमचे हे म्हणाले.

"माझ्या गाडीचा शब्द तुमी कसा दिला?"

दिरांना एकदम बैलांना पाणी दाखवायची आठवण झाली. मी गाडीत बसले, किल्ली फिरवली. हे खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "मी बी येऊ का? लई दिस झाले, आईंना भेटलो न्हाई."

"या की. पण त्या बाजूनं बसा."

जुन्नर मागे पडलं, खिंडीचा उतार लागला. प्रत्येक वळणाला ह्यांचा उजवा पाय समोरच्या रबरी मॅटवर दाबला जात होता, बोटं पांढरी पडेपर्यंत. मी पुढे रस्त्याकडे बघत गाडी सावकाश उतरवत होते.

"तिकडं ब्रेक न्हाई," मी म्हटलं. "हिकडं हाय."