आमच्या साडूंना न दिसलेला माळढोक

आमच्या साडूंइतका निकामी पक्षीनिरीक्षक निपाणी-बेळगावातच काय, उभ्या हिंदुस्थानात झाला नसेल. तीस वर्षं हे शाळामास्तर पाखरांमागं हिंडले आणि त्यातली निम्मी त्यांनी उडून गेल्यावर पाहिली. कारण एकच, मालकाला विचारल्याशिवाय परक्या रानात पाऊल टाकायचं नाही! बांधाशी आले की देवळात शिरावं तशा वहाणा काढायचे आणि हाका मारत सुटायचे, "ओ आप्पा, येऊ का आत?" आप्पा नेमके पंचक्रोशीबाहेर. एकदा एका विहिरीवर खंड्या बसला होता आणि मालक संकेश्वरच्या बाजाराला गेला होता. साडू चालत संकेश्वरला गेले, परवानगी घेऊन दिवेलागणीला परतले. तोवर त्या खंड्याला नातवंडं झाली असतील! मी मात्र गळ्यात त्यांची दुर्बीण अडकवून बांधाबाहेर दिवसभर उपाशी. संतापलो, तर म्हणतात, "अरं, पाखरू आपलं न्हाय, रान आपलं न्हाय. इचारायचं तेवढं तरी आपल्याकडं ठेव की."

त्यांना आयुष्यात एकच पक्षी जवळून बघायचा होता, माळढोक. तो अखेर आला, पण कुठं? एका आक्काच्या तंबाखूच्या रानापलीकडच्या गवतात! तिकडं जायची वाट त्या रानातूनच आणि रानभर खुडलेली पानं वाळत पडलेली. उन्हात ती पापडासारखी कडक होतात. पहाटेच्या दवानं मऊ पडल्याखेरीज त्यांच्यात कोणी पाय घालत नाही. आक्का म्हणाली, "अण्णा, आत्ता चाललासा तर माझ्या वर्साच्या पिकाचा भुगा हुईल. सकाळी या."

"बरं आक्का," म्हणून हे वहाणांशेजारी बसले. मी दातओठ खात होतो.

एवढ्यात बेळगावच्या छावणीतला कुणी गोरा साहेब त्याच माळढोकाच्या मागावर पट्टेवाल्यासह आला आणि गुडघाभर बुटांनिशी थेट रानात निघाला. आणि आमचे साडू, ज्यांचा आवाज वर्गातल्या तिसऱ्या रांगेलाही पोचत नसे, ते आडवे उभे राहून असे गरजले की चिकोडीत ऐकू गेलं असेल.

"मास्तर, साहेबास्नी अडवतोस?" पट्टेवाला खेकसला.

"साहेब आसंल त्याच्या घरी! हितं आक्का हाय. आधी तिला इचार म्हणावं!"

त्या आवेशात त्यांचा चष्मा खाली पडला. ते तो चाचपडत असतानाच त्यांच्याच आरड्याओरड्यानं माळढोक उठला आणि माझ्या डोक्यावरून गेला. पुरुषभर उंच, पांढरीशुभ्र मान, पंख म्हणजे पसरलेली धोतरं! साहेब पाय आपटत परतला. आक्काचं पान वाचलं.

पहाटे दवात आक्कानंच त्यांना आत नेलं. पलीकडच्या गवतात पक्षी नव्हता. ओल्या मातीत तीन बोटांची पावलं तेवढी होती. साडू ती न तुडवता उकिडवे बसले, बराच वेळ.

"तू बघितलास न्हवं? लई मोठा हुता काय रं?"

"छे हो अण्णा," मी म्हणालो, "कोंबड्याहून जरासा थोर. काय बघायचंय त्यात!"